पर्समधले हत्यार: भावाला काय आणायला सांगू?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

डोंबिवलीला राहणाऱ्या आणि दादरजवळच्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करणाऱ्या ४३ वर्षांच्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या रोज लोकलने जातात-येतात आणि पावसाळा सरला की महिन्यातून एकदा एका गटाबरोबर गडावर जातात. त्यांचा धाकटा भाऊ झुरिचला असतो. तो पुढच्या महिन्यात घरी येणार आहे आणि "ताई, तुला रोज जवळ ठेवायला एक चांगला बहुउपयोगी चाकू आणतो, कोणता ते तू ठरव" असे त्याने कळवले आहे. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला व्हिक्टोरिनॉक्सचा बोटाएवढा क्लासिक, दुसरा त्याच कंपनीचा मध्यम आकाराचा क्लायंबर आणि तिसरे लेदरमन कंपनीचे वेव्ह हे पक्कड असलेले साधन. एकदाच घ्यायचे तर सगळे असलेले घ्यावे, म्हणून भावाचा कल वेव्हकडे आहे. यजमान म्हणतात, लहान पुरे. स्वतः त्यांना क्लायंबर आवडला, पण घरात कुणी दारू पीत नसताना त्यातला बाटलीचे बूच काढायचा पिळाचा कॉर्कस्क्रू कशाला, या विचाराने त्यांनी तो बाजूला ठेवला. बाईमाणसाने पर्समध्ये चाकू घेऊन हिंडावे का, असे सासूबाईंचे म्हणणे आहे, तर रात्रीच्या गाडीला संरक्षण होईल, असे एका सहकारी बाईंचे. गेल्या दोन महिन्यांत अशा साधनाची गरज पडल्याचे दहा प्रसंगही त्यांनी पत्रात लिहिले आहेत. यांतला कोणता एक घ्यावा आणि तो जवळ बाळगणे कायद्याने चालते का, हा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग तुम्ही शेवटी, जाता जाता लिहावा तसा लिहिला आहे. ती दहा प्रसंगांची यादी वाचताना मला वाटले की निम्मे उत्तर तुम्हीच लिहून पाठवले आहे आणि राहिलेले निम्मे मी त्या यादीवरूनच काढावे. मी स्वतः वीसेक वर्षे पर्समध्ये असा चाकू बाळगत आले आहे आणि या काळात ज्यांनी ज्यांनी मला हा प्रश्न विचारला, त्यांतल्या बहुतेकांनी चाकूत काय काय आहे हे पाठ करून ठेवलेले असते, पण आपल्याला काय काय लागते हे क्वचितच टिपलेले असते. तुम्ही ते टिपले आहे.

या वस्तू जन्माला आल्या त्याही कुणाच्या तरी अशाच यादीतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्विस सैन्याला नवी बंदूक मिळाली. ती खोलून साफ करायला पेचकस लागे आणि शिधा डबाबंद मिळू लागल्याने डबा उघडायचेही काही तरी हवे होते, म्हणून पाते, टोच्या, डबा उघडणी आणि पेचकस एवढीच चार साधने असलेला सैनिकाचा चाकू ठरवण्यात आला. तेवढ्या संख्येने चाकू करून देण्याची ताकद तेव्हा स्वित्झर्लंडच्या कारागिरांत नव्हती, त्यामुळे पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगन गावाहून आली आणि १८९१ पासून श्वीट्स परगण्यातल्या इबाख गावच्या कार्ल एल्सेनर यांनी हे काम आपल्याकडे घेतले. कॉर्कस्क्रू आणि दुसरे लहान पाते असलेला अधिकाऱ्यांचा चाकू १८९७ चा. तुमचा क्लायंबर त्याच घराण्यातला आहे. लेदरमनची गोष्ट तर तुमच्या यादीच्या आणखी जवळची आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनचे टिम लेदरमन १९७५ मध्ये पत्नीसह एका जुन्या फियाट गाडीतून युरोपभर फिरत होते. गाडी सारखी बिघडे, मुक्कामाच्या स्वस्त हॉटेलांतले नळ गळत, खिशात साधा चाकू असे आणि दर वेळी मनात येई की याला पक्कड असती तर किती बरे झाले असते. ती कल्पना बाजारात यायला आठ वर्षे लागली. म्हणजे वेव्हमध्ये मधोमध जी पक्कड आहे, ती गाडी आणि नळ दुरुस्त करत फिरणाऱ्या माणसाच्या गरजेतून आली आहे. तुमच्या आठवड्यात गाडी आणि नळ किती वेळा येतात, ते आता पाहू.

तुमचे दहा प्रसंग असे आहेत: कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी कापणे, कुर्त्याचा उसवून लोंबणारा दोरा, गाडीत न फाटणारे ओआरएसचे पाकीट, तळहातात रुतलेला बाभळीचा काटा, राजगड उतरताना उसवलेला सँडलचा पट्टा, चष्म्याचा ढिला झालेला स्क्रू, पाण्याच्या बाटलीचे घट्ट बसलेले झाकण, सहा जणांत वाटायच्या काकड्या, प्रयोगशाळेत वायरीचे आवरण सोलणे आणि घरी कुकरच्या दांड्याचा स्क्रू आवळणे.

यांतले शेवटचे दोन मी आधीच बाजूला काढते, कारण प्रयोगशाळेत वायर सोलायची पक्कड तुमच्या टेबलाच्या खणात असणारच आणि कुकरचा स्क्रू आवळायला घरात पेचकस आहे किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणता येतो. त्या दोन्ही जागी खिशातल्या साधनापेक्षा चांगले साधन हाताशी असते. जवळ बाळगायचा चाकू हा घर आणि कामाची जागा यांच्या मधल्या वेळेसाठी असतो. गाडीतला तास, गडावरचा दिवस, लग्नाचा हॉल, रुग्णालयाच्या बाकावरची वाट पाहणे हे त्याचे क्षेत्र आहे. हे एकदा मान्य केले की साधनांची संख्या आपोआप कमी महत्त्वाची वाटू लागते, कारण घरची हत्यारपेटी पर्समध्ये कोंबण्याची गरज राहत नाही.

उरलेल्या आठ प्रसंगांत चिकटपट्टी, दोरा आणि पाकीट ही तिन्ही कामे कात्रीची आहेत. काट्याला चिमटा हवा, सँडलला टोच्या, चष्म्याला अगदी बारीक पेचकस, झाकणाला पक्कड आणि काकडीला बऱ्यापैकी लांब पाते हवे. आता तिन्ही पर्याय यावर ठेवून पाहा. क्लासिक मिटलेला असताना ५८ मिलिमीटर लांब आणि सुमारे २१ ग्रॅम वजनाचा आहे. त्यात लहान पाते, कात्री, टोकाला पेचकस असलेली नखांची कानस, चिमटा आणि दातकोरणे एवढे असते. कात्रीची तिन्ही कामे आणि काटा तो उत्तम करील, काकडी कशीबशी कापील, पण चष्म्याच्या स्क्रूला त्याच्या कानशीचे टोक रुंद पडते आणि सँडलपुढे तो हात टेकतो. वेव्ह झाकण उघडील, काकडी झकास कापील, त्याच्या लहान पेचकसात चष्म्याच्या स्क्रूसाठीचे टोकही बसते आणि कात्रीही आहे, पण त्यात टोच्या नाही, चिमटा नाही आणि रुतून बसलेल्या काट्याला त्याच्या पकडीची चोच जाड पडते. क्लायंबर, बाटलीच्या झाकणाचे एक काम सोडले तर सगळी कामे करील, मात्र त्यासाठी तुम्ही ज्यावर फुली मारली तो कॉर्कस्क्रू लागेल.

तेव्हा त्या कॉर्कस्क्रूबद्दल थोडे सविस्तर लिहिते. चष्म्याच्या स्क्रूसाठी कंपनी टाचणीएवढा एक पेचकस वेगळा विकते आणि तो या कॉर्कस्क्रूच्या वेटोळ्यांत फिरवून बसवायचा असतो. कॉर्कस्क्रू नसेल तर त्याला राहायला जागाच नाही. भावाला हा पेचकस आठवणीने वेगळा घ्यायला सांगा. दुसरे काम गाठीचे. पावसात भिजून आवळलेली बुटाच्या नाडीची किंवा सॅकच्या दोरीची गाठ नखांनी सुटत नाही, दातांनी सोडवू नये आणि कापून टाकली तर दोरी तोकडी होते. अशा गाठीत कॉर्कस्क्रूचे टोक घालून हळूहळू पीळ दिला की ती सैल होते. माझ्या चाकूतल्या कॉर्कस्क्रूने इतक्या वर्षांत एकही बूच काढलेले नाही, गाठी मात्र मोजता येणार नाहीत इतक्या सोडवल्या आहेत. वस्तूच्या नावावरून तिचे काम ठरवून टाकले की अशी चूक आपल्या सगळ्यांकडून होते.

राजगडावरच्या तुमच्या सँडलबद्दल वाचताना माझा उजवा हात आपोआप डाव्या तर्जनीकडे गेला, कारण असाच पट्टा शिवताना पडलेला व्रण तिथे अजून आहे. क्लायंबरच्या पाठीवर जो टोच्या असतो त्याला सुईसारखे नेढे असते आणि चांभाराच्या आरीसारखा त्याचा उपयोग करता येतो. सँडल गुडघ्यावर धरायची, टोच्या दाबत दाबत पीळ देत पट्टा आणि तळ यांतून आरपार नेऊन भोक पाडायचे, टोच्या बाहेर काढून नेढ्यात जाड दोरा ओवायचा (दात साफ करायचा मेणाचा धागा या कामाला फार मजबूत पडतो आणि त्याची डबी सॅकमध्ये कुठेही मावते), टोच्या त्याच भोकातून पुन्हा आरपार नेऊन किंचित मागे घेतला की पलीकडे दोऱ्याचा फास तयार होतो आणि त्या फासातून दोऱ्याचे दुसरे टोक घालून आवळायचे. पाच-सहा टाके घातले की गड उतरून एसटीपर्यंत जाता येते. माझी चूक अशी झाली की घाईत मी टोच्या तिरका दाबला. या चाकूंतले टोच्या आणि पाते उघडल्यावर अडकून बसत नाहीत, फक्त स्प्रिंगच्या दाबावर उभे राहतात. त्यामुळे जोर सरळ रेषेत असेपर्यंत सगळे ठीक चालते आणि तो बाजूला गेला की टोच्या मिटतो, नेमका मुठीवर गुंडाळलेल्या बोटावर. तेव्हापासून मी टोच्या वापरताना तर्जनी त्याच्या मिटण्याच्या वाटेत येऊ देत नाही आणि लाकडासारख्या कठीण वस्तूत पात्याचे टोक खुपसत नाही.

यावरून तुम्हाला वाटेल की मग अडकणारे पाते असलेला वेव्हच बरा. तुम्ही कुठेतरी तसे वाचल्याचेही लिहिले आहे. लाकूड तासणाऱ्याला किंवा जंगलात काम करणाऱ्याला अडकणारे पाते खरोखर हवे, कारण त्याचा हात पात्यावर सतत जोर देत असतो. तुमच्या यादीत मात्र पात्याचे काम एकच आहे आणि ते काकडीचे. कापताना जोर धारेच्या बाजूने पडतो आणि त्याने पाते उलट आणखी उघडे राहते. वेव्हच्या विरुद्ध माझे खरे म्हणणे वजनाचे आहे. ते २४१ ग्रॅमचे आहे, म्हणजे बहुतेकांच्या मोबाइलपेक्षा जड. आपल्या कुर्त्यांना एक तर खिसा नसतो आणि असला तरी त्यात एवढे वजन ठेवले की कुर्ता एका बाजूला ओढला जातो. म्हणजे ते पर्समध्येच जाणार. त्या पर्समध्ये डबा, पाण्याची बाटली, छत्री आणि पाकीट आधीच असते आणि ती खांद्याला लावून तुम्हाला सकाळच्या गर्दीत उभे राहायचे असते. पहिले पंधरा दिवस तुम्ही ते हौसेने न्याल. मग एका दिवशी खांदा दुखतो म्हणून घरी ठेवाल आणि काटा नेमका त्या दिवशी रुतेल. क्लायंबर ९१ मिलिमीटर लांब आणि सुमारे ८२ ग्रॅमचा आहे. तेवढे वजन पर्समध्ये जाणवत नाही, हे मी रोजच्या अनुभवाने सांगते.

तेव्हा माझे मत क्लायंबरला आहे. भावाची समजूत घालायची असेल तर त्याला तुमची यादी दाखवा. सगळे असलेले घ्यावे यामागची त्याची माया मला कळते, पण त्याने बहिणीचा दिवस डोळ्यांपुढे आणून पाहावा. यजमानांचे म्हणणेही अगदी बाजूला टाकू नका. क्लासिकची किंमत इतकी कमी असते की भावाला जमत असेल तर तोही आणता येईल आणि घराच्या किल्ल्यांना लावून ठेवला की पर्स न घेता बाहेर पडाल त्या दिवशी निदान कात्री आणि चिमटा जवळ राहील.

आता सहकारी बाईंच्या संरक्षणाच्या मुद्द्याबद्दल मला स्पष्ट लिहिले पाहिजे. या चाकूकडे त्या दृष्टीने कृपा करून पाहू नका. तो दोन हातांनी, नखाने खाचेत धरून उघडावा लागतो, झटापटीत त्याचे पाते आपल्याच बोटांवर मिटू शकते आणि समोरच्याच्या हाती गेला तर संकट दुप्पट होते. शिवाय फळे कापायला बाळगलेली वस्तू आणि माणसावर उगारायला बाळगलेली वस्तू यांत पोलीस आणि न्यायालय दोघेही फरक करतात, त्यामुळे 'संरक्षणासाठी ठेवला आहे' हे वाक्य तुमच्या बाजूचे ठरणार नाही. रात्रीच्या गाडीसाठी गर्दीचा डबा, फोनमध्ये तयार ठेवलेला ११२ हा क्रमांक आणि स्थानकावर घ्यायला येणारे माणूस यांवर विसंबा.

कायद्याचे म्हणाल तर चित्र पुरेसे स्वच्छ आहे, फक्त त्याला दोन पदर आहेत. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ज्या धारदार वस्तूंना शस्त्र म्हटले आहे, त्यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात आणि त्यांतूनही घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळले आहेत. तुमच्या तिन्ही पर्यायांचे पाते याच्या निम्मेही नाही, म्हणून परवान्याचा प्रश्न येत नाही. दुसरा पदर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) चा आहे. सण, निवडणुका किंवा तणावाच्या काळात पोलीस आयुक्त ठरावीक मुदतीसाठी मनाई आदेश काढू शकतात आणि त्यांत सोटे, लाठ्या यांच्याबरोबर चाकूही येतात. तुम्ही रोज ठाणे आणि मुंबई अशा दोन आयुक्तालयांच्या हद्दींतून जाता, तेव्हा असा आदेश लागू असल्याची बातमी वाचलीत की तेवढे दिवस चाकू घरी ठेवा. दिल्लीला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: बटण किंवा स्प्रिंगने उघडणाऱ्या, ७.६२ सेंटीमीटर किंवा त्याहून लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा त्याहून रुंद पात्याच्या चाकूंवर तिथे अधिसूचनेने निर्बंध आहेत. तुमचा चाकू या जातीचा नाही, पण बाजारात 'झटक्यात उघडतो' म्हणून विकले जाणारे चाकू कुणीही घेऊ नयेत, असे मी सर्वच वाचकांना सांगेन.

सासूबाईंच्या मनातही बहुधा तोच खटक्याचा चाकू असावा. आपल्याकडे खिशातला चाकू म्हटले की डोळ्यांपुढे रामपुरी येतो आणि त्यामागोमाग मारामारी येते, त्यामुळे त्यांच्या काळजीला जुनाट म्हणून हसू नये. त्याच सासूबाईंच्या पिशवीत एके काळी अडकित्ता असला असेल, किंवा त्यांच्या आईच्या चंचीत असेल, आणि तोही धारदार, मिटणारा, रोज जवळ बाळगायचा होता. चाकू आला की तो उघडून त्यांच्या हातात द्या, कात्रीने एखादा दोरा त्यांना कापू द्या आणि चिमटा कुठून निघतो ते दाखवा. माझ्या घरी एवढ्याने पुरे झाले आणि पुढे सुपारीची पुडी फोडायला माझाच चाकू मागितला जाऊ लागला.

जागांचा विचार मात्र बाळगणाऱ्या प्रत्येकाने करायला हवा. विमानाच्या केबिनमध्ये आपल्याकडे कोणताही चाकू चालत नाही, किल्ल्यांना लावलेला बोटाएवढाही नाही. एकदा मी घाईत तो काढायचा विसरले आणि सुरक्षा तपासणीच्या टेबलावर सहा वर्षे वापरलेला चाकू डब्यात टाकून पुढे गेले. चूक पूर्णपणे माझी होती. आता विमानाचे तिकीट काढले की त्याच दिवशी मी चाकू पर्समधून काढून चेक-इनच्या बॅगेत ठेवते. तुमच्या भावालाही हेच सांगा. युरोपच्या विमानतळांवर ६ सेंटीमीटरपर्यंतचे पाते केबिनमध्ये चालते, हे ऐकून तो निर्धास्त राहील, पण वाटेत दुसऱ्या देशात विमान बदलायचे असेल तर तिथल्या तपासणीत ते जाऊ शकते. मेट्रो, मॉल, चित्रपटगृह, न्यायालय आणि मंत्रालय या ठिकाणी पिशवी तपासली जाते. अशा दिवशी चाकू नेऊच नये, कारण पहारेकऱ्याशी पात्याची लांबी मोजत वाद घालण्यात कुणाचेही भले नाही. परदेशी राहणाऱ्या वाचकांनी तिथला नियम आधी पाहावा. ब्रिटनमध्ये ३ इंचांपर्यंतचा, न अडकणारा मिटणारा चाकू कारणाशिवाय बाळगता येतो, पण अडकणाऱ्या पात्याचा नाही. म्हणजे तिथे वेव्ह अडचणीत आणील. जपानमध्ये ६ सेंटीमीटरहून लांब पात्याला सबळ कारण लागते.

महाविद्यालयातही थोडे भान ठेवा. तुमच्या भोवती विद्यार्थी असतात, तेव्हा त्यांच्यासमोर पाते उघडण्याचे प्रसंग टाळता येतील तेवढे टाळा आणि पाकीट-दोऱ्यासाठी कात्रीच काढा. गाडीच्या गर्दीतही तसेच. हलत्या डब्यात पाते उघडू नये, कात्री चालेल. आणि चाकू पर्सच्या तळाशी मोकळा टाकू नका. आतल्या चेनच्या कप्प्याला त्याच्या कडीतून एक बारीक दोरी बांधून ठेवा, म्हणजे अंधारातही दोरी ओढली की तो हाती येतो. तळाशी जाऊन बसलेला चाकू शोधण्यापेक्षा आपण दातच वापरतो, असा माझा अनुभव आहे.

पोलादाबद्दल तुम्ही फार काळजी केली आहे, त्याला मी थोडक्यात उत्तर देते. व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याचा कडकपणा रॉकवेल मापाने ५६ च्या आसपास असतो. महागड्या पोलादांच्या मानाने ते मऊ आहे, धार लवकर उतरते, पण तितक्याच लवकर लागतेही. तुम्हाला महागडा निसणा घ्यायची गरज नाही. लोणच्याची चिनी मातीची बरणी उपडी केली की तिच्या बुडाशी झिलई नसलेली खरखरीत कडा दिसते. तिच्यावर पाते साधारण १५ ते २० अंशांच्या कोनात धरून, धार पुढे ठेवून, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने आठ-दहा वेळा ओढले की काकडीपुरती धार येते. कात्रीला मात्र असे काही करू नका. तिच्या पात्यांमधली बारीक स्प्रिंग कधी तुटली तर ती वेगळी मिळते आणि बदलता येते.

पेरू, लिंबू किंवा आंबा कापल्यावर पाते नुसते पुसून मिटू नका. रस बिजागरीत जाऊन चिकट बसतो आणि काही दिवसांनी पाते उघडताना नख दुखते. कोमट पाण्यात धरून सगळी साधने दोन-चार वेळा उघडमीट करा, पुरते वाळू द्या आणि सांध्यांवर तेलाचा एक थेंब सोडा. खोबरेल घालू नका, थंडीत ते गोठते. खायच्या इतर तेलांचीही काळाने राळ होते. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन फळे कापायच्या चाकूला योग्य. कोकणात समुद्रावर नेलात तर त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवा.

तुमच्यासारखाच प्रश्न मनात असलेल्या इतर वाचकांनी माझे उत्तर जसेच्या तसे उचलू नये, यादी करण्याची तुमची रीत तेवढी उचलावी. पंधरा दिवस वहीत लिहा: काय लागले, कुठे लागले आणि त्या वेळी कशावर भागवले. पातळ कापडाची पँट घालून कार्यालयात बसणाऱ्याच्या यादीत बहुधा कात्री आणि चिमटाच येईल, मग क्लासिकपेक्षा मोठे घेण्यात अर्थ नाही. सीसीटीव्ही बसवणारा, लांबच्या प्रवासाला दुचाकी काढणारा किंवा गावोगाव पंप दुरुस्त करणारा असेल तर पकडीवाचून त्याचा दिवस जात नाही. त्याने वेव्हसारखे साधन पट्ट्याला लावून खुशाल वापरावे, त्याला २४१ ग्रॅमही हलके वाटतील. आणि घेताना खात्रीच्या दुकानातूनच घ्या, कारण लाल मुठीच्या आणि क्रुसाच्या चिन्हाच्या नकला बाजारात भरपूर आहेत. खऱ्या चाकूच्या मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचे आणि देशाचे नाव कोरलेले असते, साधने डुगडुगत नाहीत आणि कात्री कागदाची नुसती कड न चुरगाळता कापते.

भावाला आता असे कळवा: क्लायंबर, बारीक पेचकस वेगळा, जमल्यास क्लासिक आणि सगळे चेक-इनच्या बॅगेत. चाकू हाती आला की पहिल्या रविवारी ती उसवलेली सँडल काढा, पूर्वीचे टाके कुठून गेले होते ते पाहा आणि घरच्या उजेडात, गुडघ्यावर जाड फडके घेऊन पट्टा स्वतः शिवून बघा. तर्जनी टोच्याच्या वाटेतून दूर ठेवा. टाके पहिल्या खेपेला वाकडे पडतील, दुसऱ्या खेपेला सरळ पडतील आणि पुढच्या महिन्यात गटासोबत गड चढाल तेव्हा दोऱ्याची डबी सॅकच्या वरच्या कप्प्यात असू द्या.